अबोल्याचं गॅरेज

हमरस्त्यावरच्या वजनकाट्याच्या पलीकडे पत्र्याचं एक गॅरेज होतं. पाटीवर त्याचं काय नाव लिहिलं होतं ते धुळीत आणि काळ्या तेलात कधीच गडप झालेलं. ट्रकवाले त्याला ‘अबोल्याचं गॅरेज’ म्हणत, कारण तिथे दोन सख्खे भाऊ दिवसभर एकाच इंजिनावर वाकून काम करत आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याचं वय चाळिशीकडे झुकलं तरी तो सगळ्यांचा धाकटाच राहिला होता. दादा आडवा, जाड मनगटांचा, आवाज असा की पलीकडच्या काट्यावरचा माणूस दचकावा. धाकटा उभा सडपातळ, हात लांब, बोटं बारीक. इंजिनाच्या मागच्या फटीत, जिथे डोळा पोचत नाही तिथे, त्याची बोटं चाचपडत जात आणि नेमका नट शोधून काढत. गिऱ्हाइकं यायची ती या दोघांच्या जोडीसाठी, एकट्या कुणासाठी नाही.

आता न बोलता काम कसं चालायचं, तर त्याचीही एक रीत पडून गेली होती. दादाला पाना हवा असला की तो इंजिनाला सांगायचा. “काय गं बाई, तुझा हा नट काही सुटत नाही. कुणी सतरा नंबरचा दिला तर बघता येईल.” सतरा नंबरचा पाना बाजूने येई. धाकटा मात्र इंजिनाशी बोलत नसे, तो गिऱ्हाइकाला मध्ये घेई. “मामा, तुमच्या मेस्त्रींना सांगा, क्लचप्लेट गेलीय.” मेस्त्री दोन हातांवर उभा असे. मामा बिचारे मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणत, दादाही ते नव्यानेच कळल्यासारखी मान डोलावी. नवखी माणसं हसून लोळायची. जुनी माणसं सरावली होती.

भांडणाचं मूळ म्हणावं तर एवढंसं. एका जुन्या इंजिनाचा बोल्ट सोडवताना धाकट्याच्या हातून तुटला होता. गंजून कुजलेला बोल्ट, तो कुणाच्याही हातून तुटला असता. पण त्या दिवशी दादाचं डोकं आधीच तापलेलं, अंगणात गिऱ्हाइकं उभी, आणि त्याने चारचौघांत धाकट्याची लाज काढली. “तुझ्या हातात पाना दिला तीच माझी चूक. उद्यापासून गाड्या धुवायला बस!” दोनचार जण हसले. धाकट्याने पाना जागेवर ठेवला, हात पुसले, आत गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आला. काम केलं, फक्त तोंड उघडलं नाही.

दादा संध्याकाळपर्यंत ते सगळं विसरलाही होता. त्याला वाटलं, दोन दिवस फुगेल, मग येईल सरळ. दोन दिवसांचे आठ झाले आणि मग दादालाच राग आला. मी थोरला, बाप गेल्यावर याला अंगाखांद्यावर वाढवला, पाना कसा धरायचा ते मी शिकवलं, आणि मीच याच्यापुढे नाक घासायचं? माफीचा एक शब्द काढायला माणसाला किती जड जातं, त्यापेक्षा अख्खं इंजिन गाडीतून उतरवणं सोपं. महिने गेले, वर्षं गेली. अबोला घरातल्या जुन्या कपाटासारखा जागेवर बसून गेला, येताजाता त्याला वळसा घालायची सगळ्यांना सवय झाली.

गॅरेजच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे दादा, त्याची बायको आणि धाकटा राहत. धाकट्याचं लग्न झालं नव्हतं. तो वहिनीच्या हातचं जेवे आणि तिच्याशी भरभरून बोले. घरातला सगळा कारभार त्या बाईच्या जिभेवरून इकडून तिकडे जाई. एका दुपारी दादाला वाढता वाढता ती म्हणाली, “भावजी चाललेत.”

“कुठे?”

“बसच्या आगारात. इंजिनाच्या खात्यात जागा मिळालीय त्यांना. परीक्षा घेतली म्हणे, पहिले आले. एक तारखेला जायचंय. खोलीही बघून आलेत तिकडे.”

दादाच्या हातातला घास हातातच राहिला. “मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्हाला सांगायला वाट ठेवलीय का तुम्ही?” तिने पळी भांड्यात आपटली. “अहो, एक शब्द टाका ना. ‘जाऊ नकोस’ एवढंच म्हणा. ते त्याचीच वाट बघतायत, मी डोळ्यांनी बघते रोज.”

“बघू.”

“बघूच म्हणत राहा. एक तारखेला रिकामा पत्रा बघत बसा.”

दादा जेवणावरून उठला. धाकटा गेला तर मागचे बोल्ट कोण काढणार हा प्रश्न होताच, पण खरं ते नव्हतं. खरं हे होतं, की रोज सकाळी तो लांब हात इंजिनाच्या पलीकडून आत येताना दिसला नाही, तर काम करायचं कुणासाठी हेच दादाला कळलं नसतं. त्याने मनाशी ठरवलं, आता जी गाडी येईल तिचं काम संपलं की बोलायचं. काही झालं तरी बोलायचंच.

जी गाडी आली ती मामांची. मामा म्हणजे एक म्हातारा ट्रकवाला, सगळ्या रस्त्याचा मामा. पुढे लांब नाक असलेला त्याचा जुना ट्रक चढावर धापा टाकत होता, काळा धूर ओकत होता आणि शीळ घालत होता. धाकट्याने इंजिन चालू ठेवून बाजूने हात फिरवला आणि मामांना म्हणाला, “मामा, मेस्त्रींना सांगा, मेनीफोल्डचं गॅस्केट फुटलंय. हवा बाहेर जातेय.” मेनीफोल्ड म्हणजे हवा एका जागेहून घेऊन प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा ओतीव लोखंडाचा जाडजूड नळ. तो इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला असतो. तो उतरवायचा, मधलं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, बदलायचं आणि परत बसवायचा. काम किचकट, पण दोघांनी कितीतरी वेळा केलेलं.

सकाळी त्यांनी बॅटरीची वायर काढली. हवेच्या रबरी नळ्यांचे क्लॅम्प सोडवले, डिझेलच्या नळ्या काढून त्यांची तोंडं बांधली. मग बोल्टांना हात घातला. दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडं इकडचं, थोडं तिकडचं, म्हणजे नळ पिरगळत नाही. पुढचे सगळे बोल्ट मुकाट सुटले. उरला शेवटचा, केबिनच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेला. तो नेहमी धाकटा काढायचा. पण धाकटा तेवढ्यात नवीन गॅस्केट आणायला गेला होता, आणि दादाच्या डोक्यात सकाळपासून ती एक तारीख घुमत होती. हा गेल्यावर हे सगळं आपल्यालाच करायचंय, मग आजच बघू, अशा काहीशा हट्टाने त्याने आपला जाड हात त्या फटीत कोंबला. पाना बसला. त्याने जोर लावला. बोल्ट हलला, आणि मग एकदम सैल झाला.

मेस्त्री माणसाला तो सैलपणा ओळखायला शिकवावं लागत नाही. बोल्टचं डोकं तुटून पान्याबरोबर हातात आलं होतं.

धाकटा आला तेव्हा दादा ते डोकं मुठीत धरून उभा होता. धाकट्याने मुठीकडे बघितलं, मग दादाच्या तोंडाकडे. हसायची, टोमणा मारायची, वर्षानुवर्षांचं उट्टं काढायची याहून चांगली संधी त्याला कधी मिळाली नसती. तो हसला नाही. त्याने वेल्डिंगच्या यंत्राची वायर ओढून जवळ आणून ठेवली, म्हणजे मी काढतो, काळजी करू नकोस. दादाला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. चल, आधी नळ तर उतरवू, अशी त्याने मानेनेच खूण केली.

आणि तिथेच चूक झाली. बोल्टच्या डोक्याखाली दोन वायसर, म्हणजे भोकाच्या चकत्या, असतात, एक स्प्रिंगचा आणि एक साधा चपटा. डोकं तुटून आलं तरी दोन्ही वायसर नळाच्या मागच्या कडेवर तसेच पडून होते. एरवी दादाने ते आधी उचलले असते. आज त्याला भावाच्या नजरेसमोरून लवकर दूर व्हायचं होतं. दोघांनी दोन टोकं धरली, दादाने “हं” केलं, नळ सुटला, तिरका झाला, आणि मागच्या बाजूला अगदी बारीक आवाज झाला, टक्.

दादाने तो ऐकला. धाकटा नळाच्या वजनाने वाकलेला होता, त्याने ऐकला नाही.

नळ खाली ठेवल्यावर इंजिनाच्या कुशीला हवेची तोंडं उघडी पडली. दादाने झटकन प्रत्येकात कापडाचे बोळे कोंबले. तसे ते कोंबायचेच असतात, आत काही पडू नये म्हणून. आज ते काहीतरी पडल्यावर कोंबले गेले. बोलायचं तर आताच बोलायला हवं होतं. ‘अरे, वायसर आत गेला’, चार शब्द. पण इतक्या वर्षांनी भावाशी बोलायचं, आणि पहिलं वाक्य हे? बोल्ट तोडला तो तोडला, वर वायसर आत पाडला? ज्याला मी चारचौघांत गाड्या धुवायला बसवला त्याच्यापुढे? दादा मूग गिळून गप्प बसला. हा जेवायला जाईल तेव्हा काढून टाकू, कुणाला कळायचंही नाही.

धाकट्याने तुटक्या बोल्टच्या बुडख्यावर एक नट ठेवला, आतून वेल्डिंगने जोडला, आणि लालबुंद असतानाच पान्याने फिरवून अख्खा बुडखा बाहेर काढला. आटे जराही दुखावले नाहीत. काम असं देखणं झालं होतं की मामांनी टाळीच वाजवली. धाकटा हात धुऊन जेवायला गेला. दादाने लगेच मागचा बोळा काढून आत टॉर्च मारली. स्प्रिंगचा वायसर व्हॉल्व्हच्या कडेला अडकून बसला होता. चुंबकाची काठी घातली, चिकटला, बाहेर आला. दादाच्या जिवात जीव आला.

पण दुसरा? व्हॉल्व्ह उघडा होता आणि त्याखाली सिलिंडरचा काळोख. काठी तिथे वळेना. दादाने खाली वाकून जमीन चाचपली. गाडीखाली एक चपटा वायसर सापडला, तेवढ्याच मापाचा. गॅरेजच्या जमिनीवर चपटा वायसर सापडणं ही काही नवलाई नव्हे, तिथे ते सांडलेल्या धान्यासारखे पडलेले असतात. शिवाय हा कोरडा आणि धुळीने माखलेला होता, आणि इंजिनावरून पडलेला वायसर तेलकट असायला हवा होता. दादाला ते दिसलं. दिसूनही त्याने तो वायसर पँटला पुसला आणि स्वतःला सांगितलं, हाच तो.

खात्री करायची तर उपाय होता. टामीचा लोखंडी दांडा लावून इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं, आत काही असेल तर अडतं. पण टामी लावताना धाकटा आला असता, तर का, असं त्याच्या डोळ्यांनी विचारलं असतं. दादाने टामी जागेवर ठेवून दिली.

दुपारी धाकट्याने बोळे काढले. प्रत्येक तोंडात टॉर्च मारून बघितलं, बोट फिरवून बघितलं. सगळं स्वच्छ. नवीन गॅस्केट लावलं, दोघांनी नळ चढवला, बोल्ट या वेळी मध्यापासून बाहेर आवळत नेले. शेवटचा बोल्ट आवळून, नळ्या आणि बॅटरीची वायर जोडून धाकटा केबिनमध्ये चढला आणि खिडकीतून दादाकडे बघितलं. दादाने मान हलवली. धाकट्याने सेल्फ मारला.

इंजिन पकडलं, आणि त्याच क्षणी आतून हातोडा बडवावा तसा आवाज सुरू झाला. ठण् ठण् ठण् ठण्. धाकट्याने लगेच बंद केलं. पण जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन गेलं होतं. मामा रस्त्यावर उभे होते, ते तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. मागच्या पिस्टनचं डोकं देवी आल्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं, एक व्हॉल्व्ह वाकला होता, सिलिंडरला उभी खोल चीर गेली होती. म्हणजे इंजिन अख्खं खोलायचं. धाकट्याने पिस्टनमध्ये रुतलेला लोखंडाचा चेंदामेंदा झालेला तुकडा चिमट्याने उपसला आणि तळहातावर घेतला. मग त्याने तोंड उघडलं.

“दादा.”

ही हाक किती वर्षांनी कानावर पडत होती.

“दादा, वेल्डिंगचा तुकडा आहे बघ हा. मी नट जोडला तेव्हाचा. माझ्याकडूनच राहिला.” “मी टॉर्च मारून बघितलं होतं रे. बोट घालून बघितलं होतं. तरी कसा राहिला, मला कळतच नाही.”

दादाने त्या तळहाताकडे बघितलं. तुकडा एका बाजूने पार ठेचला होता, पण दुसऱ्या बाजूची कड गोल होती आणि आत भोकाची अर्धी चंद्रकोर शिल्लक होती. वेल्डिंगच्या थेंबाला भोक नसतं. धाकटा भानावर असता तर त्यालाही एका नजरेत कळलं असतं. पण त्याचे डोळे भरले होते. मामा मागे पिंपावर बसून ऐकत होते, शेजारचे दोघे ड्रायव्हरही जमले होते. सगळे दादाच्या तोंडाकडे बघत होते.

“असेल,” दादा म्हणाला.

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

मामा भला माणूस. ते आरडाओरडा करू शकले असते, पण नाही केला. “होतं असं कधी,” ते उठून म्हणाले, आणि मग आवाज जरा खाली आणून पुढे म्हणाले, “पण दादा, आता इथून पुढे माझ्या गाडीला तुम्ही स्वतः हात लावा.” खाली आणलेला आवाज सगळ्यांनाच ऐकू गेला. धाकट्याने तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला, पाण्याच्या नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले.

एक तारीख आली आणि गेली. धाकटा कुठेही गेला नाही. आदल्या संध्याकाळी जेवताना तोच दादाला म्हणाला, “आगारात नाही म्हणून कळवलंय. तिथे पन्नास माणसांत असं काही झालं असतं तर? तू तेव्हा ‘गाड्या धुवायला बस’ म्हणालास ते रागाने, पण खोटं नव्हतास बोलला.” दादाने मान खाली घालून जेवण संपवलं. बायकोला मात्र आभाळ ठेंगणं झालं. भावजी राहिले, दोघं भाऊ बोलायला लागले, तिला आणखी काय हवं होतं! तिने गोडाचं केलं आणि दादाला आग्रहाने दोनदा वाढलं. त्याने ते गिळलं.

म्हणजे जे दादाला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि असं मिळालं की सहन होईना. धाकटा राहिला, पण तो धाकटा राहिला नव्हता. उघड्या इंजिनाला तो हात लावीना. चाकं काढायची, ग्रीस भरायचं, पंक्चर बघायचं, गाड्या धुवायच्या, अशी कामं तो आपणहून ओढून घेऊ लागला. एखादा साधा बोल्ट आवळला तरी हाक मारे, “दादा, एकदा बघून जातोस का?” दादा जाई, पाना लावी, बोल्ट पक्का असे. “बरोबर आहे,” दादा म्हणे. धाकट्याचा चेहरा तेवढ्यापुरता उजळे. त्या प्रत्येक हाकेसरशी दादाला वाटे की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी गिऱ्हाईक उभं असे, किंवा कुणी उभं नसलं तरी सांगणं होत नसे.

मग एकदा तसाच लांब नाकाचा दुसरा ट्रक आला, त्यालाही मेनीफोल्डचंच काम. पुढचे बोल्ट सुटले, मागचा उरला. गॅरेजमध्ये दोघांशिवाय कुणी नव्हतं. दादाने पाना धाकट्यापुढे धरला. “घाल हात.”

“नको दादा, तूच कर.”

“माझा हात जात नाही तिथे. तुला माहितेय. घाल.”

धाकट्याने पाना घेतला, वाकला, फटीत हात घातला. पान्याचं टोक पत्र्यावर वाजायला लागलं. तो घामाघूम होऊन मागे सरला आणि पाना परत दिला. “नाही जमत.”

दादाला ते बघवेना. जगातला सगळ्यात चांगला हात आपण मारून टाकला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने पाना इंजिनावर ठेवला. “इकडे ये. ऐक माझं. त्या मामांच्या गाडीचं...”

“राहू दे ना ते.”

“नाही, ऐक. त्या दिवशी मी...”

“मला माहितेय तू काय म्हणणार ते,” धाकटा म्हणाला. तो वर न बघता हात पुसत होता. “मनाला लावून घेऊ नकोस म्हणशील. दादा, त्या दिवशी मला वाटलं होतं, आता हा मला चारचौघांत उभा कापणार. मामा समोर, ते ड्रायव्हर समोर. आणि तू एक अक्षर बोलला नाहीस. नुसतं ‘असेल’ म्हणालास. एवढं मोठं नुकसान केलं मी, आणि तू मला सांभाळून घेतलंस. तेवढ्या एका शब्दावर मी इथे राहिलोय. नाहीतर तोंड लपवून कुठेतरी निघून गेलो असतो, परत दिसलोही नसतो तुला.”

मग त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर दादाबद्दल जी माया होती, ती लहानपणानंतर दादाने पुन्हा पाहिली नव्हती.

“तू काय सांगत होतास?”

दादाने पाना उचलला.

“काही नाही,” तो म्हणाला. “तू जरा बाजूला हो. मी बघतो.”

धाकटा लगेच बाजूला झाला.